जिवंत आईचं रसग्रहण

आमच्या नवीन पनवेलच्या एका वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी कवितांचं रसग्रहण चालतं. नाव मोठं गोंडस आहे. प्रत्यक्षात तिथे एक जिवंत कविता टेबलावर आणून ठेवतात आणि पंधरा-वीस निवृत्त माणसं तिचा चोथा करून, चहा पिऊन घरी जातात. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी रेल्वेतून, कुणी माझ्यासारखी शाळेतून. नोकरीत होते तोवर ह्यांतल्या कुणी कवितेचं पुस्तक विकत घेणं सोडाच, मागूनसुद्धा वाचलं नसेल. पेन्शन सुरू झाली आणि एकेकाला संवेदनशीलता फुटली.

अध्यक्ष कायमचे एकच. कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर. खांद्याला झोळी, गळ्यात चष्म्याची दोरी आणि कुठल्याही कवितेला पुरतील असे तीन शब्द तोंडात: अस्तित्वशोध, नाळ आणि शोषण. कविता समुद्रावर असो की पोळपाटावर, सर तिला ह्या तीन शब्दांत बसवतातच. मंडळाचा एक नियम त्यांनीच घालून दिलाय आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. कवीनं कविता वाचायची आणि मग तोंड मिटून बसायचं. सगळ्यांचं बोलून होईस्तोवर एक अक्षर काढायचं नाही. "कविता एकदा उच्चारली की ती कवीची उरत नाही," असं सर डोळे मिटून सांगतात, जणू त्यांनाच हे त्या दिवशी पहाटे सुचलंय.

ह्या नियमाची मजा मी एकदा पाहिली. एका बाईंनी आपल्या कुत्र्यावर कविता लिहिली होती. साधी, सरळ, चार कडव्यांची. कुत्रा आदल्याच आठवड्यात गेलेला. सरांनी तो कुत्रा म्हणजे मध्यमवर्गाची गुलामी वृत्ती ठरवला. बँकवाल्या गृहस्थांना त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात लग्नसंस्था दिसली. बाई आपल्या पदराचं टोक पिळत बसलेल्या. शेवटी त्यांची बोलायची पाळी आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, तसंच काहीसं." टाळ्या पडल्या. गेलेल्या कुत्र्याला कुणी चार शब्दांनी विचारलं नाही.

तरी मी जाते. घरातला टीव्ही संध्याकाळी आईच्या ताब्यात असतो आणि तिच्या मालिकांतल्या सासवा मला सहन होत नाहीत. माझा नवरा गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. वय ऐंशीच्या पुढे, दात मोजके, आवाज ठणठणीत. शिवाय खोटं कशाला बोलू, रसग्रहण हा माझाही धंदाच होता. जन्मभर मी दहावीच्या पोरांकडून ते घोटून घेतलं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. तीन परिच्छेद पाडायचे, 'कवीने येथे समर्पक रूपक योजले आहे' असं एक वाक्य घालायचं, की परीक्षक खूश. आणि 'कवितेतला मी म्हणजे कवी नव्हे', हे तर मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि खाली दोन रेघा ओढायचे.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगते.

आम्ही उरणकडचे, मिठागरवाले. आमची मिठागरं आता कंटेनरच्या गोदामांखाली गेली. पण माझ्या लहानपणी आई आणि मी तिथे पोटऱ्यांपर्यंत खाऱ्या पाण्यात उभ्या असायचो. लाकडी फळीनं मीठ ओढायचं, टोपलीत भरायचं, डोक्यावरून नेऊन बांधावरच्या राशीवर ओतायचं. पायांना भेगा, भेगांत खारं पाणी. घरी आल्यावर आई माझ्या टाचांना खोबरेल चोळायची आणि मी मिठाला, उन्हाला आणि आईला, सगळ्यांनाच शिव्या घालायचे. ह्यात मला तेव्हा काही काव्य दिसलं नाही, आजही दिसत नाही.

धाकटा तिथे नव्हताच. मुलगा शिकला पाहिजे म्हणून त्याला पहिलीपासून पनवेलला मामाकडे ठेवला. मामाचं किराणा दुकान, पक्कं घर, पंखा. मीठ त्यानं पाहिलं ते ताटात वाढलेलं. शिकला, सरकारी नोकरीत चिकटला, साहेब झाला आणि साहेबकी संपत आली तसा कवी झाला. तोही ग्रामीण कवी! खादीचा कुर्ता आला, दाढी आली. पूर्वी मला 'ताय' म्हणायचा, पुस्तक निघाल्यापासून 'ताई' म्हणतो. आणि कवितेत मात्र आगरी शब्द शोधून शोधून घालतो, भाजीत कढीपत्ता घालावा तसे.

त्याची पहिली गाजलेली कविता अशी सुरू होते:

"मी मिठागर आहे.
माझ्या छातीवर वाळत घातलाय समुद्र."

ही कविता मंडळात आली, तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. सर म्हणाले, ह्या कवितेतला 'मी' श्रमात विरघळलेला आहे. बँकवाले म्हणाले, ह्या 'मी'च्या तळपायांची आग मला माझ्या तळपायांत जाणवली. अहो, तुमचे तळपाय उभा जन्म एअर कंडिशनरखाली गेले! रेल्वेवाल्यांनी विचारलं, इतकं जळजळीत कुणी कल्पनेनं लिहू शकेल का? आणि सगळे म्हणाले, छे, अशक्य. नियमाप्रमाणे भाऊ गप्प. मान खाली, चेहऱ्यावर सोसल्याचा भाव. एकदा त्यानं हळूच माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

चीड मला त्याच्या खोटेपणाची आली नाही, कवितेत खोटं चालतं. चीड आली ती त्याच्याकडे एक खरी कविता होती आणि ती त्यानं टाकून दिली ह्याची. मामाकडे रविवारी दुपारी तो दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. आई मीठ सोडून येऊ शकली तर यायची, नाहीतर नाही. मामी सांगायची, दिवेलागण झाली तरी उठायचा नाही, जेवायचा नाही. सहा वर्षांचा पोर, ज्याला मिठापासून वाचवलं आणि आईपासूनही. तो खरा 'मी'. पण त्या 'मी'ला घाम नाही, भेगा नाहीत, शोषण नाही. तो मंडळात चालत नाही. सरांच्या तीन शब्दांत तो बसत नाही. म्हणून माझ्या भावानं त्याला पायरीवरच सोडला आणि आईचे आणि माझे पाय उसने घेतले.

उसने घेतले तोवर मी गप्प होते.

मागच्या वर्षी त्याचं दुसरं पुस्तक आलं. त्यातली एक कविता रसग्रहणाला ठेवणार, असं ठरलं, आणि त्यानं मला ती आधी मोबाइलवर पाठवली. खाली लिहिलं होतं, 'ताई, हिला सगळीकडे दाद मिळते.' मी गॅसवर दूध ठेवून वाचली. कवितेचं नाव 'पाय'.

"चितेत सगळी आई जळाली,
फक्त पाय उरले.
मिठानं राखलेले ते दोन पाय
मी आजही उरात पुरतो आहे."

दूध उतू गेलं. बाहेरच्या खोलीत आमची चितेत जळालेली आई बशीत चहा ओतून खारी बिस्किट बुडवत होती. मिठागरात राबणाऱ्यांचे पाय चितेवर जळत नाहीत, असलं काही मी आमच्याकडे जन्मात ऐकलं नाही. कुठल्यातरी परप्रांतातली गोष्ट ह्यानं मोबाइलवर वाचली असणार. आणि ती खरी करायला आई मेलेली पाहिजे, म्हणून मारली. इतकं सोपं.

मी फोन लावला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आई इथे चहा पितेय."

"ताई, ती आपली आई नाही," तो म्हणाला. "कवितेतली आई आहे."

"नाव काय त्या कवितेतल्या आईचं? गाव कुठलं? मीठ कुणाचं?"

"अगं, रूपक आहे ते! श्रमसंस्कृती जळून गेली, तिचे पाय तेवढे उरले, असा अर्थ आहे." मग जरा थांबून, गोड आवाजात म्हणाला, "कवितेतला मी म्हणजे कवी नव्हे. तूच शिकवायचीस ना वर्गात?"

माझंच शस्त्र माझ्यावर! मी चिडले. म्हटलं, लिहायचं ते लिही, पण पुढच्या रविवारी दुसरी कविता वाच. हे मंडळ माझ्या घरापासून चार पावलांवर आहे, उद्या कुणीतरी आईपाशी बोलेल. म्हाताऱ्या माणसाला पोटच्या पोरानं आपल्याला जाळलंय हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढीच माझी मागणी होती. नाहीतर तू ये आणि तूच तिला आधी सांग.

तो म्हणाला, "आईला कशाला आणतेस तिथे? तिला काय कळणार त्यातलं!"

मी आणणार नव्हतेच. पण ह्या पठ्ठ्यानं आपल्याच हातानं काम केलं. कार्यक्रमाची पत्रिका कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, वर स्वतःचा हनुवटीला हात लावलेला फोटो. आईला वाचता येत नाही, पण फोटो कळतो. माझ्या भाचीनं फोनवरून तिला सांगितलं, आजी, बाबांचा कार्यक्रम तुमच्या घराजवळच आहे. झालं. आई शनिवारपासून तयारीला लागली. नवं हिरवं लुगडं काढलं, नाकातली नथ काढून घासली.

"आये, तिथे काही गाणीबिणी नसतात," मी म्हटलं. "नुसतं बोलत बसतात. तू कंटाळशील."

"कंटालली तर झोपीन. खुर्ची हाय ना?"

"तुला काही कळणार नाही त्यातलं." माझ्या तोंडून भावाचंच वाक्य बाहेर पडलं.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर फिरवली. "माज्या पोराचा बोलना मना नाय कलनार? मंग कोनाला कलनार?" मग लुगड्याची घडी मोडत ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "लहानपनी माज्यापाशी नव्हता. असा बोलायला कदी शिकला ते बी मी नाय बगितला. आता येवरी लोका ऐकतान त्याला, तर मी बी ऐकीन."

मी रविवारी दुपारी भावाला निरोप टाकला: आई येतेय. ती कविता वाचू नकोस. त्यानं निरोप पाहिला. उत्तर दिलं नाही.

हॉल त्या दिवशी भरला होता. सरांनी नवी झोळी घेतलेली. मी आईला तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसवलं, म्हणजे वेळ आलीच तर बाहेर काढता यावी. भावानं स्टेजवरून आम्हाला पाहिलं. पाहिलं म्हणजे नीट पाहिलं, आईनं त्याला हातही केला. त्यानं मान हलवली आणि हातातलं पुस्तक उघडलं. पानं उलटायला लागला. मला वाटलं, सुटलो. दुसरी कविता शोधतोय. पुस्तकात चांगल्या साठ-सत्तर कविता होत्या. कुठलीही वाचता आली असती. बोंबिलावर होती, बंदरावर होती, स्वतःच्या दाढीवर होती.

"कवितेचं नाव, 'पाय'," तो म्हणाला.

वाचायला लागला आणि दुसऱ्या कडव्याला त्याचा गळा भरून आला. खोटा नव्हे, खराच. ही त्यातली सगळ्यात संतापाची गोष्ट. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ज्या आईसाठी आलं ती समोर बसली होती. तिच्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

आई पुढे वाकून ऐकत होती. तिनंही पदर डोळ्यांना लावला. "ही कोनाची आय गो?" तिनं मला हळूच विचारलं.

"कुणाचीतरी," मी म्हटलं.

"बिचारी," आई म्हणाली आणि नाक पुसलं.

कविता संपली. सरांनी हात वर करून सांगितलं, आता कवी बोलणार नाही. मग सुरू झाला तमाशा. सर म्हणाले, ही आई म्हणजे भूमी. भूमी जळते, पण तिचे पाय जळत नाहीत, कारण पाय म्हणजे मुळं. भूमीला पाय आणि पायांना मुळं, कप्पाळ! रेल्वेवाले म्हणाले, पाय उरात पुरणं हा आत्मशोध आहे, कवी स्वतःच्या आत चालत जातो. कुत्र्यावाल्या बाई म्हणाल्या, मला ह्यात एक मुलगा दिसतो, त्याला आई हवीय. त्यांचं कुणी ऐकलंच नाही. सर 'छान, छान' म्हणून पुढे गेले. त्या हॉलमध्ये अख्ख्या संध्याकाळी एवढं एकच वाक्य अर्थाचं बोललं गेलं.

मग बँकवाले उठले. डोळे लाल, रुमाल हातात. म्हणाले, "रूपकं, प्रतीकं सगळं ठीक आहे. पण ह्या कवितेमागे एक खरा मृत्यू आहे. त्याशिवाय कवीचा कंठ असा दाटून येत नाही. ज्या माउलीच्या पायांवर आपण इतकी चर्चा केली, तिला श्रद्धांजली न वाहता घरी जाणं मला बरं वाटत नाही. कवींच्या मातोश्रींसाठी आपण दोन मिनिटं उभे राहू या."

खुर्च्या सरकल्या. अख्खा हॉल उभा राहिला. सर उभे राहिले, झोळी सावरून. आईही माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली, सगळे उभे राहिले म्हणून. उभी राहताना 'कवींच्या मातोश्री' म्हणजे कोण ते तिला पोचलं. मला कळलं, कारण खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला.

मी भावाकडे पाहत होते. आता बोलेल. बोलायलाच पाहिजे. नियम गेला खड्ड्यात. 'अहो, थांबा, माझी आई ती बघा, हिरव्या लुगड्यातली,' एवढं एक वाक्य. लोक हसले असते, सर ओशाळले असते, बँकवाल्यांनी येऊन आईच्या पाया पडून माफी मागितली असती आणि सगळं तिथेच मिटलं असतं. त्यानं डोळे मिटले. हात पुढे बांधले. मान खाली घातली. आणि सगळ्यांबरोबर तोही उभा राहिला, आपल्या आईच्या श्रद्धांजलीला, आईच्या समोर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं, 'अरे भाडखाऊ' एवढं ओठांवर आलंही होतं. आईनं माझं मनगट दाबलं.

"गप," ती म्हणाली. "लोकांत नको. पोरगा हाय तो."

दोन मिनिटं ती ताठ उभी राहिली. तिच्या वयाच्या बाईला दोन मिनिटं उभं राहणं सोपं नसतं. मग 'धन्यवाद' झालं, सगळे बसले, शाल आली, नारळ आला, वडे आले. सर लोकांना भेटत भेटत आमच्यापाशी पोचले, भाऊ त्यांच्यामागे. आईकडे बघून सरांनी कौतुकानं विचारलं, "अरे वा, ह्या आजी कोण? अस्सल आपल्या मातीतल्या दिसतात."

भावानं खांद्यावरची शाल सावरली. "आमच्याकडच्याच आहेत," तो म्हणाला.

आमच्याकडच्याच! कामवाली असावी, शेजारीण असावी, गावाहून आलेली कुणी असावी. सरांनी हात जोडले. आईनंही जोडले. मी त्या दोघांनाही ओलांडून आईला घेऊन जिना उतरले. वडा घेतला नाही. खाली रिक्षावाला चार पावलांसाठी यायला तयार नव्हता, त्याच्यावर मी जे तोंड टाकलं ते खरं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं होतं.

घरी आल्यावर आईनं पाय धुतले. मी बोलत सुटले. आणि काय बोलले असेन? ज्याला मी वरपासून खालपर्यंत नावं ठेवलीत तेच! "आये, मनावर घेऊ नकोस. कवितेतलं सगळं खरं नसतं. त्याला रूपक म्हणतात."

"म्हंजी?"

"म्हणजे एका गोष्टीचं नाव घ्यायचं आणि सांगायचं दुसरंच. तो आई म्हणाला, पण त्याला म्हणायचं होतं आपलं गाव. आपली मिठागरं. ती गेली ना? त्याचं दुःख."

"मंग गावाचा नाव ग्यायचा व्हता."

"तसं घेतलं की कविता होत नाही, आये."

"आनी ती मान्सा उबी रायली ती गावासाटी रायली?"

हा प्रश्न तीन परिच्छेदांत बसणारा नव्हता. मी म्हटलं, ती मूर्ख आहेत. आई म्हणाली, नाय, ती बरी मान्सा हायत, वलख नाय पालख नाय, माज्यासाटी उबी रायली. आणि जेवायला बसली. नेहमीपेक्षा जरा कमी जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. कुर्ता नाही, साधा शर्ट, हातात मिठाईचा खोका. रात्री झोपला नसावा. नसेलच झोपला, मला त्याची कीव करायची नाही. आई गॅलरीत पाट घेऊन सुकवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. पुष्कळ दिवसांनी मी त्याला जमिनीवर बसलेला पाहिला.

"आये, तुला वाईट वाटलं का?" कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून 'आये' आलं. "ती कविता होती गं. मला भीती वाटते, तू गेलीस तर काय, म्हणून लिहिली. खरंच सांगतो."

हे खरं असावं. त्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. काल हेच तिथे उभं राहून म्हणायला काय धाड भरली होती, हा माझा प्रश्न. पण मी दारातच उभी राहिले.

"मना कलला," आई म्हणाली. "तायनी सांगितला सगला. रूपक का काय ता."

भावानं सुटल्यासारखा श्वास सोडला. माझ्याकडे पाहून ओशाळं हसला, खोक्याची दोरी सोडायला लागला. "म्हणजे तुझा राग नाही ना?"

"तुजा राग कसा धरू? पोर हायस." आईनं सुपातले सोडे एका बाजूला केले आणि हात लुगड्याला पुसले. "फकस्त येक सांगून ठेवते. दोगा हाव समोर, तवर सांगते. मी मेली का आग ताय देल."

भावाचा हात दोरीवर थांबला. "आये, असं काय बोलतेस? मुलगा असताना मुलगी... लोक काय म्हणतील?"

"तू दिलीस ना," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. उद्या बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी सांगत होती. "येकदा दिलीस, झाला. आता ताय देल. तू ये तवा, आन मागं उबा रा. काल उबा व्हतास तसा. गप."

तो माझ्याकडे वळला. डोळे भरलेले, तोंड उघडं. आईला तसं म्हणायचं नाहीये, बोलायची पद्धत असते तिची, असं काहीतरी मी म्हणावं, तिच्या बोलण्याचा दुसरा काहीतरी अर्थ लावून द्यावा, म्हणून तो वाट बघत होता. जन्मभर मी तेच तर केलं होतं.

"देईन, आये," मी म्हटलं.